बंडीचें शहाणपण आणि मोटारीचें ओझें
(नभोवाणीवरील भाषण)

वर्ध्याहून सेवाग्राम सुमारें आठ किलोमीटर. १९३६ सालीं गांधीजी तेथें राहावयास आले, त्या काळीं या मुलखांत ओझें वाहण्याचें साधन म्हणजे बैलगाडी. इकडच्या बोलींत बंडी. इकडचा गवळाऊ बैल चपळ, परंतु अंगानें हलका. त्याच्या जोडीवर किती लादावें हें त्याचा धनी ओळखून असे. आज पिकअप मोटारीमागें ट्रॉली जोडणारा मात्र फसतो. कारण मोटार दमलेली दिसत नाहीं.

बहुतेकजण विचारतात, ‘ही मोटार एवढें ओढील काय?’ विचारावयास पाहिजे तें असें कीं, ‘ही मोटार एवढें थांबवील काय?’ वेग दुप्पट झाला कीं गतीची शक्ति चौपट होते, आणि ती सारी ब्रेकांना जिरवावी लागते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर मागचें ओझें मोटारीस पुढें ढकलतें. वळणावर तिला आडवी फिरवितें.

आतां हिशेब पाहूं. मोटार, ट्रॉली, माल व माणसें यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा कारखाना ठरवून देतो. समजा, ती ४००० किलो आहे. रिकामी मोटार १७००, तींतील माल ८००, दोन माणसें १५०, बेरीज २६५०. उरले १३५०. रिकामी ट्रॉली ५०० किलोंची असेल, तर तींत ८५० किलोंहून अधिक माल नको. हजार लिटर पाणी म्हणजेच १००० किलो. तेव्हां तेवढी भरलेली टाकी येथें बसत नाहीं. अर्धी भरावी, तर पाणी हेलकावे खातें. ट्रॉलीची, टायरांची किंवा हुकाची मर्यादा याहून कमी असल्यास सर्वांत लहान आकडाच पाळावा.

दुसरी गोष्ट तोलाची. बंडींत ओझें मागें झालें तर गाडी उलाळ होते आणि बैलांच्या गळ्यास फांस बसतो. फार पुढें झालें तर खांदे सोलतात. म्हणून गाडीवान तें आंसाच्या किंचित् पुढें ठेवतो. दोन चाकांच्या ट्रॉलीचेंही तसेंच. तिच्या एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा, वरील उदाहरणांत १३५ किलो, हुकावर यावा. कारखान्याचा आकडा निराळा असेल तर तो मानावा. हा भार मोटारीच्या मागच्या आंसावर पडतो, म्हणून तिच्या ओझ्यांतही तो मोजावा. माल मागें झुकला, तर मोटारीच्या मागच्या चाकांची पकड सैल होते आणि ट्रॉली शेंपटासारखी डोलूं लागते. अशा वेळीं सुकाणूंचें चाक उलटसुलट फिरवूं नये. वेगाच्या पट्टीवरून पाय काढून गति हळूहळू कमी होऊं द्यावी.

कापूस हलका म्हणूनही निर्धास्त राहूं नये. ढीग उंच गेला कीं वळणावर ट्रॉली कलंडते. जत्रेला वा लग्नाला जातांना तर ट्रॉलींत माणसें मुळींच बसवूं नयेत.

ओझें अति झालें तर बैल जागींच बसतो. मोटार बसत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं ‘पुरे’ म्हणण्याचें काम आपणांसच केलें पाहिजे.