संगणकालाही ऊन लागते

मे महिन्यात दुपारी बारानंतर अनेक सरकारी कार्यालयांतल्या खिडक्यांवर काम मंदावते. रांगेतले लोक चिडतात, खिडकीतला माणूस 'सर्व्हर स्लो आहे' म्हणतो. काही वेळा सर्व्हर बिचारा ठीकच असतो. टेबलाखालच्या डब्यातला प्रोसेसर तापलेला असतो. त्याचे तापमान 95 ते 100 अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की तो जळू नये म्हणून आपणहून गती कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद पडते.

प्रोसेसरवरची धातूची जाळी आणि पंखा मिळून त्याची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. म्हणून प्रोसेसर नेहमी खोलीपेक्षा काही अंश गरमच राहतो. 25 अंशांच्या खोलीत जो 70 वर चालतो, तो स्लॅबखालच्या 40 अंशांच्या खोलीत 85 च्या आसपास जाणार. नागपूरने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश अनुभवले आहेत. (मे 2024 मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, पण तो सेन्सरचा बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. ऊन यंत्रांच्याही डोक्यात जाते.)

खोलीचे तापमान आपल्या हाती फारसे नसते. धूळ मात्र असते. दोन-तीन वर्षे न उघडलेल्या सीपीयूच्या जाळीत धुळीची गोधडीच बसलेली असते. वीज बंद करून, वायर काढून, ब्लोअरने ती उडवावी. त्या वेळी पंख्याची पाती पेन्सिलने अडवून धरावीत, नाहीतर ती वेड्यासारखी फिरतात आणि पंखा बिघडू शकतो. सीपीयू लाकडी ट्रॉलीच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटून असेल तर तो बाहेर काढावा. एवढ्यानेच बहुतेकांचे काम होते.

एवढे करूनही ताप उतरला नाही, तर थर्मल पेस्ट बदलावी लागते. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर जेल लावतात ते मधली हवा काढण्यासाठी. ही पेस्टही प्रोसेसर आणि जाळी यांच्यामधली हवा काढते, आणि काही वर्षांत सुकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. सॅनिटायझर वापरू नये, त्यातले ग्लिसरीन मागे राहते. हात बसलेला नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलेले बरे.

सीपीयूचे झाकण काढून समोर टेबल फॅन लावण्याचा उपाय आपल्याकडे लोकप्रिय आहे. एखाद्या दुपारपुरता ठीक. महिनाभरात धूळ दुप्पट. कूलरबद्दल जरा सांभाळून. कोरड्या हवेत तो खोली चांगली थंड करतो, त्याचा संगणकालाही फायदाच होतो. पण कूलरचा झोत थेट सीपीयूवर नको. जड पाण्याचे तुषार वाळले की मागे क्षार राहतात आणि सर्किटला गंज चढवतात.

आता खिडकीतल्या माणसाविषयी, कारण माझा खरा रुग्ण तोच. 45 अंशांची हवासुद्धा 85 अंशांच्या प्रोसेसरला थंड करते. आपली त्वचा मात्र 35 अंशांच्या आसपास असते. तिच्यावर तीच हवा पंख्याने मारली तर शरीर उलट उष्णता घेते. वाचवतो तो फक्त घाम. घामाला पाणी लागते, आणि रांग मोठी म्हणून पाणी प्यायला न उठणारे कर्मचारी मी दर उन्हाळ्यात तपासतो. संगणक तापला की काम कमी करतो, माणूस तसाच रेटत राहतो.

अशा वेळी कोणी बरळू लागला, अंग भाजल्यासारखे गरम लागले, तर तो उष्माघात समजा. शरीराचे तापमान 40 अंशांवर गेलेले असू शकते. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि मगच पंखा लावा. ओल्या अंगावर तो उपयोगी पडतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. एकाने पाणी ओतावे, दुसऱ्याने त्याच वेळी 108 ला फोन करावा.