कॉलेजची पोरं गावाची माहिती घेऊन जातात. ती गावाच्या कामाला कधी येणार?

धाराशिव : चार-पाच वर्षांखाली आमच्या गावात एका कॉलेजची पोरं-पोरी आली होती. सोयाबीनची रास चालू होती. तरी लोकांनी काम थांबवून त्यांना ओट्यावर बसवलं, चहा पाजला. जनावरं किती, कर्ज किती, पाणी कुठून आणता, विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकतं, असे चाळीसेक प्रश्न होते. दोन दिवसांत सगळं गाव लिहून घेतलं, फोटो काढले आणि गाडीत बसून गेली. पोरं चांगली होती, त्यांचा दोष नाही. पण त्या माहितीचं पुढं काय झालं, ते गावाला आजवर कळलं नाही.

पुढच्याच वर्षी आमच्या गावातल्या मंडळानं नाला खोलीकरणासाठी एका कंपनीकडं अर्ज करायचं ठरवलं. अर्जात विचारलं होतं, गावात विहिरी किती, उन्हाळ्यात किती कोरड्या पडतात, फायदा किती कुटुंबांना होणार? आमच्याकडं आकडा नव्हता. आकडा होता, पण तो कॉलेजच्या कपाटात. शेवटी अर्ज राहूनच गेला.

विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी सामाजिक संस्थांना मदत केली पाहिजे, असं भाषणात सगळेच म्हणतात. ती मदत म्हणजे नेमकी कोणती, ते जरा उलगडून बघू.

संस्था कुठं अडतात?

संस्था म्हणलं की आपल्याला जीपवाली मोठी एनजीओ दिसते. पण गावातलं नोंदणी केलेलं मंडळ, वाचनालय, महिला मंडळ ही पण संस्थाच. यांच्याकडं माणसं असतात, तळमळ असते. अडतं ते कागदावर.

सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदणी असेल तर दरवर्षी हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. देणगीदाराला करात सूट मिळावी म्हणून 80जी लागतं. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले किमान दोन टक्के समाजकामावर खर्च करायला लावले. पण तो पैसा संस्थेला हवा असेल तर 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. शिवाय कामाआधी गावाची स्थिती काय होती आणि कामानंतर काय बदललं, हे आकड्यात दाखवावं लागतं. शहरातली संस्था हे पगारी माणूस ठेवून करते. गावातल्या मंडळाला ते परवडत नाही.

आता कॉलेजात बघा. कॉमर्सच्या पोरांना हिशेब शिकवतात, समाजशास्त्राच्या पोरांना सर्वेक्षण शिकवतात, कॉम्प्युटरची पोरं तक्ते बनवतात. म्हणजे गावाला जे लागतं तेच तिथं शिकवलं जातं. ऑडिट सीएच करणार, पण वर्षभराची पावती-व्हाउचरं नीट लावायला एक शिक्षक आणि चार पोरं पुरतात.

भूकंपातला धडा

हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं, म्हणजे टिसनं, 1986 मध्ये तुळजापूरला आपला ग्रामीण परिसर सुरू केला. सात वर्षांनी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. 52 गावं जुनी जागा सोडून नवीन ठिकाणी वसवावी लागली.

घरं बांधायला सरकार होतं, जागतिक बँकेचं कर्ज होतं. पण शेजार कोणाचा, गोठा कुठं, देऊळ कुठं, हे लोकांना विचारणार कोण? स्थलांतर होणाऱ्या गावांत लोकसहभागाचं हे काम टिसकडं होतं. ज्या गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथं स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था होती. तिनं गावातल्याच बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. भूकंपाआधी उंबऱ्याबाहेर न बोलणाऱ्या कितीतरी बाया तेव्हा सिमेंट-सळईचा हिशेब इंजिनिअरला विचारायला लागल्या. त्याच संस्थेच्या बायांनी पुढं एक एकरात घरापुरतं अन्नधान्य आणि भाजीपाला पिकवण्याचं काम आपल्या भागात वाढवलं. 2016 मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

यातून एक दिसतं. शिकलेली संस्था गावात नुसती येऊन गेली तर मागं काही उरत नाही. ती गावातल्या माणसाच्या हातात काही देऊन गेली, तर काम तीस वर्षं चालतं.

पाण्याचा ताळेबंद

दुसरं उदाहरण पाण्याचं. पोकरा योजनेत गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात, तो आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, पिकाला किती लागतं आणि कमी किती पडतं, याचा तो हिशेब. ही मांडणी तयार करायला आयआयटी मुंबईनं मदत केली. मोठ्या संस्थेतलं ज्ञान ग्रामसभेत वाचता येईल असं झालं, तेव्हाच ते गावाचं झालं.

पण शिकवायचं सगळं विद्यापीठानं आणि ऐकायचं गावानं, असंही नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. ताप-जुलाबाच्या पेशंटला गावातच कसं सांभाळायचं आणि दवाखान्यात कधी धाडायचं, हे त्या बाईकडून शिकण्यासारखं आहे. अशा माणसांना कॉलेजनं वर्गात बोलवावं आणि मानधनही द्यावं.

आज कोणत्या वाटा आहेत?

▪ राष्ट्रीय सेवा योजना : प्रत्येक स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास काम करायचं असतं. सात दिवसांचं शिबिर गावात होतं.

▪ उन्नत भारत अभियान : यात सहभागी कॉलेज किमान पाच गावं निवडतं. तुमचं गाव त्यात आहे का, विचारा.

▪ नवीन शैक्षणिक धोरण : आता पदवीच्या पोरांना फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी म्हणजे कामावरचं प्रशिक्षण करावं लागतं. त्याला मार्क आहेत. हे प्रशिक्षण कंपनीतच झालं पाहिजे असं नाही. तुमच्या संस्थेचं दफ्तर लावणं हेही काम आहे.

▪ धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तुळजापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

गावानं काय मागायचं?

आधी आपण एक काम ठरवावं. ‘गावाचा विकास करा’ असं लिहिलं तर कोणीच काही करत नाही. ‘आमच्या गावातल्या सगळ्या विहिरींची नोंद करून द्या’ असं लिहावं. पत्र प्राचार्यांच्या नावानं द्यावं, प्रत सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला. पोच घ्यावी. पोरं येण्याआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात :

1. माहिती कशासाठी घेणार, हे आधी सांगायचं. ज्याला सांगायचं नाही त्याच्यावर जबरदस्ती नाही.

2. अहवाल मराठीत द्यायचा आणि ग्रामसभेत वाचून दाखवायचा.

3. आकड्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक संस्थेकडं राहील. कोणाच्या घरचं कर्ज-आजारपण मात्र नावानिशी कुठं लावायचं नाही.

4. गावातली दोन पोरं-पोरी सोबत घ्यायची, म्हणजे पुढच्या वर्षी तेच काम गावाला स्वतः करता येईल.

कॉलेजवाले म्हणतील, आमच्याकडं वेळ नाही, सेमिस्टर लहान आहे. खरं आहे ते. म्हणून एकच काम मागा, पण पुरतं करून मागा. येणाऱ्या पोरांना चहा पाजायची आपली रीत आहे, ती सोडायची नाही. फक्त कप परत घेताना विचारायचं, ‘बाळांनो, अहवाल कधी वाचून दाखवताय?’