‘ड्राय’ म्हणजे नेमके काय कोरडे?

मराठी बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी विशेषणांमध्ये ‘ड्राय’ हा शब्द अगदी निरुपद्रवी वाटतो, कारण त्याचा अर्थ ‘कोरडा’ एवढाच आहे, याविषयी कोणालाच शंका नसते. वस्तुस्थिती अशी, की हे विशेषण प्रत्येक व्यवसायात वेगळ्याच गोष्टीचा अभाव सांगते: शेतीत सिंचनाचा, हवामानाच्या नोंदीत पावसाचा, गोठ्यात दुधाचा, तर उत्पादन शुल्क खात्यात मद्यविक्रीचा. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात कोरडवाहू शेती आणि संकरित गाईंचा दुग्धव्यवसाय शेजारी शेजारी चालत असल्यामुळे तेथे या अर्थांची गल्लत केवळ शब्दापुरती राहत नाही. तिची किंमत पिकात आणि दुधात मोजावी लागते.

‘ड्राय फार्मिंग’ म्हणजे पाण्याविना केलेली शेती, हा पहिला आणि सर्वांत रूढ गैरसमज होय. प्रत्यक्षात ही शेती पाण्याचा सर्वाधिक हिशेब ठेवणारी आहे. फरक इतकाच, की तिचे पाणी कालव्यात किंवा विहिरीत नसून मातीच्या थरात ओलीच्या रूपाने साठलेले असते. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या तालुक्यांत रब्बी ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते आणि त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतानाही पीक कणसावर येते, ते पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या या ओलीवर. उताराला आडवी मशागत, बांधबंदिस्ती आणि भेगा बुजवून बाष्पीभवन रोखणारी कोळपणी ही सर्व कामे ओल धरून ठेवण्यासाठीच असतात. जमिनीची खोली जितकी जास्त तितकी ओल अधिक, म्हणून 1968 साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाणही जमिनीच्या खोलीनुसार सुचवले आहेत: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा. सातबाऱ्यावर अशा शेताची नोंद ‘जिरायत’ अशी असते आणि या शब्दाच्या अरबी मुळाचा अर्थ केवळ ‘शेती’ असा आहे, त्यात कोरडेपणाचा लवलेशही नाही, ही गोष्ट येथे आवर्जून लक्षात घेण्यासारखी आहे.

कृषिशास्त्रात या एका विशेषणाच्या पोटातही भेद केलेले आहेत. वार्षिक पाऊस 750 मिलिमीटरपेक्षा कमी असलेल्या भागातील पावसावरच्या शेतीला ‘ड्राय फार्मिंग’, 750 ते 1150 मिलिमीटरच्या पट्ट्यातील शेतीला ‘ड्रायलँड फार्मिंग’ आणि त्याहून अधिक पावसाच्या प्रदेशातील शेतीला पर्जन्याश्रित शेती म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे संपूर्ण नगर जिल्हा ‘ड्राय’ आहे हे सरसकट विधान टिकत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पूर्व आणि दक्षिण तालुके पहिल्या वर्गात बसतात हे खरे. परंतु त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर आणि रतनवाडीच्या परिसरात, चार-पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो आणि तेथील पाणी 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात साठून प्रवरेच्या खोऱ्यातील उसाला मिळते.

‘ड्राय स्पेल’ म्हणजे दुष्काळ, ही समजूतही अशीच तपासून घ्यावी लागते. ‘ड्राय स्पेल’ म्हणजे पावसाचा खंड. तो हंगामाच्या मध्ये पडतो आणि एकूण पाऊस सरासरीइतका झाला तरीही पडू शकतो. केंद्र सरकारच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार मान्सूनच्या अपेक्षित आगमनानंतर सलग तीन ते चार आठवडे (हलक्या जमिनीत दोन आठवडे) दर आठवड्याचा पाऊस सरासरीच्या निम्म्याहून कमी राहिला, तर तो खंड समजला जातो. दुष्काळ ठरवताना मात्र पावसाच्या तुटीबरोबर पेरणीचे क्षेत्र, पिकांची स्थिती, जमिनीतील ओल, जलसाठे आणि शेवटी प्रत्यक्ष शेतावरील पाहणी हे सर्व विचारात घेतले जाते. मराठीत तर अतिवृष्टीने पीक बुडाले, की त्यालाही ‘ओला दुष्काळ’ म्हणतात. म्हणजेच दुष्काळ हा मुळात पिकाच्या नाशाचा शब्द आहे, कोरडेपणाचा नव्हे.

गोठ्यातील ‘ड्राय’ सर्वांत अधिक नुकसान करतो. ‘ड्राय काऊ’ याचे ‘भाकड गाय’ असे भाषांतर सर्रास केले जाते आणि भाकड म्हणजे निरुपयोगी हा अर्थ जोडीला आला, की त्या गाईचा खुराक सर्वांत आधी तोडला जातो. वास्तविक ही गाय गाभण असते. गाईचा गाभणकाळ सुमारे 280 दिवसांचा असून विण्याच्या साधारण 60 दिवस आधी तिची धार काढणे थांबवून तिला आटवतात, आणि या काळात कासेतील दूध तयार करणाऱ्या पेशी झडून नव्याने तयार होतात. ही विश्रांती मिळाली नाही, तर पुढच्या वेताचे दूध लक्षणीय घटते. गर्भाची वाढही गाभणकाळाच्या शेवटच्या तिमाहीतच सर्वांत झपाट्याने होते. त्यामुळे आटवताना काही दिवस पेंड कमी करणे योग्य असले, तरी पुढचे दोन महिने गाईला अर्धपोटी ठेवणे म्हणजे वासराचा आणि येणाऱ्या दुधाचा घास काढून घेणे होय. आटवताना चारही सडांत औषध सोडण्याचा निर्णय मात्र पशुवैद्यकाने कासेची तपासणी करून घ्यावा.

याच गोठ्यात ‘ड्राय मॅटर’ हा आणखी एक शब्द फसवतो. तो कडब्याचा किंवा सुक्या चाऱ्याचा पर्याय नव्हे. कोणत्याही चाऱ्यातील पाणी वजा केल्यावर जे उरते त्याला शुष्क पदार्थ म्हणतात. हिरव्या चाऱ्यात सुमारे 80 टक्के पाणी असते, म्हणून 20 किलो हिरव्या मक्यातून गाईच्या पोटात जेमतेम चार किलो शुष्क पदार्थ जातो, तर कडब्यात त्याचे प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास असते. हिरव्या चाऱ्याने भरलेली गव्हाण पाहून गाय पोटभर खाते असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरते.

इतर वापरांविषयी थोडक्यात सांगता येते. ‘ड्राय सेल’मध्ये ओलसर लगदा असतो, फक्त सांडणारा द्रव नसतो, ‘ड्राय क्लीनिंग’मध्ये कपडे द्रवातच बुडतात, मात्र तो द्रव पाणी नसतो, ‘ड्राय आइस’ हा उणे 78.5 अंशांना थेट वायू होणारा घन कार्बन डायऑक्साइड आहे. आणि ‘ड्राय वाइन’ म्हणजे जिच्यातील बहुतेक साखर आंबून गेली आहे अशी वाइन.

कृषी आणि पशुसंवर्धनाची पत्रके लिहिणाऱ्यांनी हे भेद मनावर घ्यावेत. कोरडवाहू, जिरायत, पावसाचा खंड, आटवलेली गाय आणि शुष्क पदार्थ हे शब्द नगरच्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला आपला नेमका अर्थ आहे. पत्रकात ‘ड्राय’ऐवजी तेच छापावेत.