‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका

कोपर्डीचं नाव निघालं की नगर जिल्ह्यात आजही गप्पा थांबतात. १३ जुलै २०१६ ची मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाची घटना, मग राज्यभर निघालेले मूक मोर्चे, २९ नोव्हेंबर २०१७ ला तिघांना सुनावलेली फाशी. दोषी तिघेही सज्ञान होते. तेव्हापासून अत्याचारी म्हटलं की डोळ्यांपुढे नराधमच येतो. घरातला चौदा वर्षांचा आतेभाऊ येत नाही.

तो यायला हवा. अमेरिकेत मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत पोलिसांपर्यंत पोचलेल्या आरोपींपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण स्वतःच अल्पवयीन असतात. आणि झळ फक्त मुलींनाच बसते, हाही गैरसमजच. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या ज्या मुलांनी शोषण झाल्याचं सांगितलं, त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते.

‘पोरं खेळतात, त्यात काय?’ दोन समवयस्क पोरांचं कुतूहल वेगळं. पण एक तेरा वर्षांचा, दुसरी सहाची, वर ‘आईला सांगू नको, कुरकुरे देतो’, तर तो खेळ राहत नाही. वयातलं अंतर, धाक किंवा लालूच, आणि लपवाछपवी, या तीन गोष्टी बघा. कालपर्यंत काकांकडे पळत जाणारी पोर आज उंबऱ्यातच अडून बसली, तर तिला रागावू नका, जवळ घेऊन विचारा. पाथर्डी-शेवगावकडचे आईबाप ऊसतोडीला गेले की लहानग्यांना मोठ्या पोरांवर सोपवावं लागतं. दोष त्यांचा नाही, पण त्या घरात कुणा मोठ्या माणसाची ये-जा हवी.

‘एकदा बिघडला तो कायमचा’ हे सर्वांत घातक, कारण त्याच भीतीने घरचे पांघरूण घालतात. २०१६ साली ३३ हजारांहून अधिक किशोरांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. सुमारे पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेले पाच टक्क्यांहून कमी निघाले. बहुतेक पोरं सावरतात. मात्र ‘लग्न झालं की सुधरेल’ हा उपाय नव्हे. तो दुसऱ्या मुलीच्या माथी मारलेला प्रश्न आहे.

घरातलं घरात मिटवायची मुभा कायदाही देत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातल्या पोक्सो कायद्यानुसार माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलाचं प्रकरण आधी बाल न्याय मंडळापुढे जातं आणि मंडळ समुपदेशनाचा आदेश देऊ शकतं. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. रात्री दोनलाही लागतो, पैसे पडत नाहीत.