हँडल तुमचं, डोमेन कुणाचं?

अमुक माणूस कोणत्या यंत्रावर सापडेल, हा प्रश्न सोशल मीडियापेक्षा बराच जुना. १९७१च्या सुमारास स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवला की संगणकावर सध्या कोण बसलंय ते कळे. पुढे नेटवर्क आल्यावर दूरच्या यंत्राकडूनही असं उत्तर मिळू लागलं. विचारणारा कोण, याची कसलीच चौकशी नाही! १९८८च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म हा स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम यंत्रांमध्ये घुसला, तेव्हा फिंगरच्या सर्व्हरमधली चूक ही त्याची एक वाट होती.

ट्विटर-फेसबुकच्या काळात हा प्रश्न उरलाच नाही, कारण सगळे एकाच मालकाच्या घरात. २००८मध्ये आयडेंटिका आलं, २०१०मध्ये डायस्पोरा. ही नेटवर्कं एकमेकांशी बोलणाऱ्या वेगवेगळ्या सर्व्हरवर पसरलेली, त्यामुळे तो प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याचं उत्तर होतं ‘वेबफिंगर’. २०१३मध्ये ते अधिकृत मानक झालं आणि मास्टोडॉन हे असंच नेटवर्क आजही त्यावरच चालतं. तुम्ही शोधपेटीत कुणाचं पूर्ण हँडल, म्हणजे नाव आणि सर्व्हरचं डोमेन, टाकता. तुमचा सर्व्हर त्यातलं डोमेन वेगळं काढतो आणि त्या डोमेनवर ‘वेल-नोन’ या ठरलेल्या जागी जाऊन विचारतो, हा माणूस तुमच्याकडे आहे का? उत्तरादाखल चार ओळींची जेसन फाइल येते. तिच्यातली लिंक उघडली की इनबॉक्स कुठे, आउटबॉक्स कुठे, सही पडताळायची सार्वजनिक किल्ली कोणती, सगळं हाती येतं. इतकी साधी आणि टिकाऊ रचना या क्षेत्रात विरळाच.

२०१९च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर अनेक भारतीय मास्टोडॉनवर गेले. ‘कोणता सर्व्हर निवडू?’ इथेच कित्येकांची गाडी अडली. प्रश्न रास्त होता. तुमचं नाव त्या सर्व्हरच्या डोमेनला कायमचं चिकटतं. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र तिथेच राहतात. २०२४च्या फेब्रुवारीत ‘क्विअर डॉट एएफ’ या सर्व्हरचं डोमेन तालिबानच्या ताब्यातल्या अफगाण रजिस्ट्रीने निलंबित केलं. यंत्रात बिघाड नव्हता, पण त्या पत्त्यावर कुणालाच पोहोचता येईना.

ब्लूस्काय या नेटवर्कने नाव आणि घर यांची फारकत केली. तिथे हँडलवरून आधी एक कायमचा ओळख-क्रमांक मिळतो. तो हँडलच्या डोमेनच्या डीएनएस नोंदीत किंवा एका फाइलमध्ये असतो. त्या क्रमांकावरून कळतं, की डेटा सध्या कोणत्या सर्व्हरवर आहे. सर्व्हर बदला, हँडल बदला, क्रमांक तोच. जुन्या पोस्टही सोबत येतात. मला ही रचना मास्टोडॉनपेक्षा सरस वाटते. पण बहुतेक क्रमांकांची नोंदवही एकच, आणि ती ब्लूस्कायनेच उभारलेली, तीही तात्पुरती सोय म्हणून. याला विकेंद्रीकरण म्हणायला जीभ रेटत नाही. नोंदवही टाळून क्रमांक स्वतःच्या डोमेनवर बांधता येतो, पण मग डोमेन गेलं की ओळखही गेली.

तेव्हा खातं उघडण्याआधी सर्व्हरचे नियम वाचालच; सोबत त्याचं डोमेन कोणत्या देशाच्या रजिस्ट्रीत आहे आणि दरवर्षी त्याचे पैसे कोण भरतो, तेही विचारून घ्या.