पदकाआधीचा पैसा

शनिवार, १३ ऑगस्ट २०१६ ची सकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. इथे नऊ वाजून गेले होते, तिकडे रिओत आदल्या दिवसाची रात्र होती. आपल्या बेटावरचा २१ वर्षांचा जोसेफ स्कूलिंग १०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत ५०.३९ सेकंदांत पहिला आला. मायकेल फेल्प्ससह तिघे जण एकाच वेळेत दुसरे आले. सिंगापूरचे ते ऑलिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक. त्या दिवशी घराघरांत लोक दूरदर्शन संचासमोर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्या आनंदात एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. जोसेफ तेव्हा कॉलेजचा विद्यार्थी होता. तो ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाकडून पोहत असे. सुवर्णपदकाबद्दल आपल्या देशाच्या बक्षीस योजनेतून त्याला १० लाख सिंगापूर डॉलर मिळायचे होते, आणि अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा नियम मात्र असा होता की, विद्यार्थी खेळाडूने खेळाबद्दल पैसा घेऊ नये. फी, राहणे, जेवण यासाठी शिष्यवृत्ती चालेल, पण रोख रक्कम हातात पडली की कॉलेजकडून खेळण्याचा हक्क गेला. फेल्प्सचेच पाहा. शाळकरी वयातच त्याने जाहिरातीचा करार केला होता. पुढे तो मिशिगन विद्यापीठाच्या गावी राहून सराव करी, पण विद्यापीठाच्या संघातून त्याला कधी पोहता आले नाही.

मग जोसेफला बक्षीस कसे घेता आले? अमेरिकन खेळाडूंना ऑलिम्पिकचे बक्षीस घेण्याची सवलत आधीपासून होती. परदेशी विद्यार्थ्यांना ती २०१५ मध्ये मिळाली. ती रिओनंतर मिळाली असती, तर या मुलाला बक्षीस किंवा कॉलेजचा संघ यांपैकी एकावर पाणी सोडावे लागले असते. नियम वेळेवर बदलला, म्हणून बक्षीस घेऊनही २०१८ पर्यंत तो टेक्सासकडून पोहू शकला.

दहा लाखांचा आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण तो पैसा पदकानंतरचा होता. जोसेफ २००९ मध्ये फ्लोरिडाच्या शाळेत गेला. तेव्हापासून त्याच्या आईवडिलांनी शिक्षणावर आणि सरावावर १० लाखांहून अधिक डॉलर खर्च केल्याचे वृत्तपत्रांत आले होते. म्हणजे बक्षीस आले तोवर तेवढी रक्कम घरातून केव्हाच गेली होती. ज्या घरात इतकी पुंजी नाही, त्या घरच्या मुलाने काय करावे, हा प्रश्न तसाच उरतो.

हा प्रश्न आपल्या मुलखाने फार पूर्वी पाहिला आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून आलेल्या पैशाने प्राचार्यांचे घर सोडवले, असे सांगतात. कॉलेजच्या खेळाडूवर कॉलेजने पैसा लावला, याचे याहून मोठे उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही. तो पैसा पदकाच्या आधी आला, म्हणूनच पदक आले.

आता अमेरिकेत काय झाले ते पाहू, कारण आपल्याकडची पोहणारी मुले बहुधा तिकडेच जातात. क्वा कुटुंबातला झेंग वेन बर्कलीला गेला, जिंग वेन टेक्सास ए अँड एमला, तर गान चिंग ह्वी इंडियाना विद्यापीठात. तिथल्या फुटबॉल आणि बास्केटबॉल सामन्यांवर विद्यापीठे आणि दूरचित्रवाणी कंपन्या अब्जावधी डॉलर मिळवत होत्या, प्रशिक्षकांना लाखोंचे पगार होते, आणि मैदानावर घाम गाळणारा मुलगा मात्र हौशी म्हणून रिकाम्या हाताने घरी जात होता. हा अन्याय होता, यात शंका नाही. २१ जून २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात एकमताने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायला त्यांना मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ रोजी आणखी एका खटल्यात न्यायालयाने तडजोड मंजूर केली. तिच्यानुसार २०२५-२६ या वर्षासाठी विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख अमेरिकन डॉलरपर्यंत थेट देण्याची मुभा मिळाली. जुन्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे ठरले, ते वेगळेच.

न्याय झाला. पण पैसा आभाळातून पडत नाही. विद्यापीठाची तिजोरी तीच, आणि तिच्यातून एका ताटात वाढले की दुसऱ्या ताटातले कमी होणार. मागच्या भरपाईचा मोठा वाटा, सुमारे तीन चतुर्थांश, फुटबॉलपटूंकडे जायचा आहे. पुढच्या वाटपातही अनेक विद्यापीठांनी तसेच प्रमाण धरले. ज्या खेळाला तिकीट खपत नाही, त्याला आता रोज आपला खर्च पटवून द्यावा लागतो. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅल पॉली या विद्यापीठाने पोहण्याचे आणि सूर मारण्याचे, मुलांचे व मुलींचे दोन्ही संघ बंद केले. कारण देताना याच तडजोडीचा बोजा पुढे केला. दैवगती अशी की, तो खटला ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो ग्रँट हाउस स्वतः पोहणारा खेळाडू. पोहणाऱ्याने हक्क मागितला आणि पोहणाऱ्यांचाच एक तलाव सुना झाला. दोष त्याचा नाही. हक्क देताना लहान खेळांसाठी वेगळी वाटणी कुणी राखून ठेवली नाही, दोष तिथे आहे.

शिवाय परदेशी विद्यार्थ्यांच्या तिकडे काम करून कमावण्यावर व्हिसाच्या अटींमुळे कडक मर्यादा असतात. त्यामुळे आपल्या मुलांना या नव्या पैशातले थोडेच मिळण्याची आशा, आणि जागा जाण्याची धास्ती मात्र सर्वांइतकीच.

या तुलनेत आपल्या बेटावरची एक रीत मला शहाणपणाची वाटते. जोसेफच्या बक्षिसातला पाचवा हिस्सा जलतरण संघटनेकडे, पुढच्या मुलांच्या सरावासाठी जाणे बंधनकारक होते. एकाच्या पदकातून दुसऱ्याच्या सरावाला हातभार लागला. २०१३ पासून निवडक खेळाडूंना दरमहा वेतनासारखी रक्कम देणारी सरकारी शिष्यवृत्तीही सुरू झाली. हा पैसा पदकाआधीचा. तो जितक्या लवकरच्या वयात आणि जितक्या साध्या घरांपर्यंत पोहोचेल, तितके बरे.

आपल्या समाजातल्या पालकांना शेवटी दोन शब्द सांगावेसे वाटतात. गणेशोत्सवात चार घरची माणसे भेटली की मुलांच्या गुणांची चौकशी होते, पोहण्याच्या वेळेची क्वचितच. मूल खेळात पुढे असेल तर त्याला अडवू नका, पण परदेशी कॉलेजचे पत्र आले म्हणून हुरळूनही जाऊ नका. शिष्यवृत्ती किती वर्षांची, ती पूर्ण की अर्धी, हे लेखी मागा. जुन्या नियमात मुलांच्या अख्ख्या पोहण्याच्या संघाला मिळून दहापेक्षाही कमी पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या, आणि त्या पंचवीस-तीस जणांत वाटल्या जात. तो आकडा आता उठला आहे, पण संघात किती जण ठेवायचे यावर मर्यादा आली आहे. तेव्हा संघ टिकेल का, दुखापत झाली तर शिष्यवृत्ती राहील का, हेही विचारा. मुलगा असेल तर लष्करी सेवेचा हिशेब आधी करा. ती पुढे ढकलण्याची परवानगी जोसेफला २०१३ मध्ये मिळाली, पण अशी परवानगी मोजक्यांनाच मिळते.

खर्डेकरांसारखे घर गहाण टाकणारे प्राचार्य प्रत्येकाला भेटत नाहीत, आणि भेटावे लागू नयेत हेच खरे. पण मूल अजून कुणीच नसते, भिंतीवर एकही पदक नसते, तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहणे आपल्या हातात आहे. पदक आल्यावर हार घालायला सगळे गाव येते.