बोक्याच्या खुब्यातील वृद्धिकूर्चेचा विकार व त्याचे निदान

वाळवा तालुक्यात मांजर पाळले जाते ते मुख्यत्वे उंदरांसाठी. गाय, म्हैस, बैल वा शेळी आजारी पडली असता तिला पशुवैद्याकडे नेण्याची रीत येथे जुनी आहे. मांजराच्या वाट्यास तो मान क्वचितच येतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कुत्रा व ससा मोजला गेला, मांजर मात्र मोजले गेले नाही, यावरूनही हे ध्यानात यावे. इस्लामपुरातील (२०२५ मध्ये ईश्वरपूर या नावास शासनाची मान्यता मिळाली असली तरी जुने नाव अद्याप लोकांच्या तोंडी आहे) एखाद्या घरचा बोका मागच्या पायाने लंगडू लागला, तर ‘कौलांवरून पडला असेल’ किंवा ‘कुत्र्याने धरले असेल’ असे म्हणून विषय संपतो. पुष्कळदा हा तर्क खराही असतो. परंतु पडणे, झडणे काहीच घडलेले नसताना बोक्याच्या खुब्यातील हाड आपल्या जागेवरून सरकते, असाही एक विकार आहे, आणि तो ओळखला न गेल्यास ते जनावर महिनोन्‌महिने मुकाट्याने वेदना सोशीत राहते.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकास एक गोल मस्तक असते व खालोखाल आखूड मान. वाढत्या वयात या दोहोंमध्ये कूर्चेची एक पातळ चकती असते. तिलाच वृद्धिकूर्चा म्हणावयाचे. सामान्यतः मांजर ७ ते १० महिन्यांचे होईतो ही चकती अस्थिमय होऊन मस्तक व मान एकजीव होतात. हा बदल घडवून आणण्यात लैंगिक संप्रेरकांचा मोठा वाटा असतो. साहजिकच खच्ची केलेल्या बोक्यात तो लांबतो. वर्ष उलटले, कधी दोन वर्षे होत आली, तरी चकती उघडीच राहते. अंगाचा भार पूर्ण वाढलेल्या जनावराचा, पण सांध्यातील जोड मात्र पिलाचा, अशी विषम स्थिती निर्माण होते. त्यातच बोका लठ्ठ असला तर त्या चकतीवर पडणारा ताण आणखी वाढतो.

तथापि हे सर्व केवळ विलंबाने घडते असेही नव्हे. २००१ मध्ये एल. ई. क्रेग यांनी १३ मांजरांतील अशा विकृतीचे वर्णन प्रसिद्ध केले. निरोगी वृद्धिकूर्चेत पेशी ओळीने रचलेल्या असतात. या मांजरांत त्या अस्ताव्यस्त पुंजक्यांच्या रूपाने, भोवती भरपूर आधारद्रव्य घेऊन, विखुरलेल्या आढळल्या. म्हणजे चकती मुळातच सदोष होती. मनुष्यातही वाढीच्या वयातील स्थूल मुलांत खुब्याचे मस्तक असेच सरकते, हे अस्थिवैद्यांस सुपरिचित आहे. खच्ची केलेल्या असंख्य बोक्यांपैकी फारच थोड्यांस हा विकार होतो. तेव्हा खच्चीकरणच टाळावे, असा निष्कर्ष यातून काढणे आमच्या मते अनुचित ठरेल.

निदानाचा आरंभ प्रश्नांपासून करावा. बोका किती वयाचा? खच्ची केलेला आहे काय? ओट्यावर, फळीवर उडी मारण्याचे त्याने कधीपासून सोडले? सुमारे एक ते दोन वर्षांचा, वजनदार, अपघाताचा इतिहास नसलेला बोका समोर आला की संशय बळावतो. मांडीचे स्नायू रोडावलेले असतात. पाय मागे ताणला असता तो कळवळतो व हाताखाली कधी कधी करकर जाणवते. ताप बहुधा नसतो. ताप व सूज असल्यास चाव्याने झालेल्या गळवाचा विचार आधी करावा. मागचे पाय एकाएकी लुळे व थंडगार पडून मांडीतील नाडी लागत नसेल, तर तो रक्ताच्या गुठळीचा प्रकार होय. तेथे एक तासही दवडू नये.

शेवटचा निर्णय क्ष-किरणचित्रावर अवलंबून. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. पाय सरळ ताणून घेतलेल्या एकाच चित्रात किंचित सरकलेले मस्तक दडून राहू शकते. म्हणून बेडकाप्रमाणे मांड्या बाहेर वळवून दुसरे चित्र घ्यावेच, आणि दोन्ही खुबे तपासावेत, कारण कित्येक बोक्यांत दुसरी बाजूही आज ना उद्या बिघडते. आरंभी चकतीची रेघ रुंद व धूसर दिसते. पुढे मस्तक ढळते. विकार जुना झाला की मान झिजून खाल्लेल्या सफरचंदाच्या गाभ्यासारखी निमुळती होते. वेदनेमुळे बोका स्थिर राहत नाही, यास्तव चित्र गुंगी देऊनच घेणे श्रेयस्कर. जवळपास तशी सोय नसल्यास पेठ नाक्यावरून महामार्गाने शिरवळला जाता येते; तेथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

तोवर घरातील पॅरासिटामॉलची गोळी बोक्यास कदापि देऊ नये. ती पचविण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असल्याने एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. पिंजऱ्यातील विश्रांतीने वेदना थोडी उणावेल, परंतु ढळलेले मस्तक आपोआप जागेवर येत नाही. विकार अगदी नवा असेल तर तारेने मस्तक जखडता येते. जुना असेल तर मस्तक व मान कापून काढतात. ऐकताना हे क्रूर वाटते खरे, पण त्या जागी तंतुमय ऊतीचा नवा सांधा तयार होतो, आणि मांजराचे अंग मुळात हलके असल्याने बहुतेक बोके त्या सांध्यावर पुन्हा उड्या मारू लागतात.